नकाशाच्या घडीवर

नकाशा नेमका इथेच दुमडतो
म्हणून तिचं नाव झिजून गेलंय.
शेवटचे दोन 'एल' तेवढे उरलेत, आणि तपकिरी रेषा
उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारख्या.

डोंगर म्हणावं तर आजूबाजूचे हसतील,
टेकडी म्हणावं तर तिसऱ्या फाटकाशी
माझा गुडघा काय ते बोलतो.
यॉर्कशरातले सगळे बूटवाले पुढच्या थांब्याला उतरतात,
तिथे चहा आहे, पार्किंग आहे, शिखर आहे.
इथे मी एकटी. ड्रायव्हर विचारतो, "नक्की इथेच?"

चर्चमागून वाट. मग नेचा, मग पाणथळ,
जिथे मागल्या वर्षी माझा डावा बूट रुतून बसला
आणि मी मोज्यावर उभी राहून मालवणीत शिव्या घातल्या.
ऐकायला मेंढ्या. त्यांनी चघळणं थांबवलं नाही.

वर गडगा. गडगाच, दुसरा शब्द सुचत नाही:
ना चुना ना माती,
दगडानं दगडाला धरलेलं.
आज त्याला खिंडार पडलंय आणि नॉर्मन डिन्सडेल
एकेक दगड तळहातावर फिरवतोय
नारळ पारखावा तसा.
उचललेला दगड तो परत खाली ठेवत नाही.
"जागा असतेच त्याची. आपल्याला दिसत नाही एवढंच."

मी टेकडीचं नाव विचारलं.
तो बराच वेळ बघत राहिला,
शेजाऱ्याचं पाळण्यातलं नाव आठवावं तसा.
"आम्ही नुसतं 'वर' म्हणतो.
वर बर्फ आहे. वर मेंढी अडकलीय.
आई सांगायची, बाबा वर गेलेत, चहाला येतील."

माझ्या भाषेत वर गेलेलं माणूस
चहाला येत नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
दगड बसला.

माथ्यावर काही नाही.
खांब नाही, दगडांची रास नाही,
सपाट गवत, आमच्या सड्यासारखं, फक्त ओलं,
आणि एक टिटवी, डोक्यावर तुरा काढलेली,
मी कोण म्हणून पुन्हा पुन्हा विचारणारी.
बसले. संत्रं सोललं. वारा साली घेऊन गेला,
त्या शोधत अर्धा तास गेला.

बसथांब्यावरून वेंगुर्ल्याला यमूला कळवलं:
वर जाऊन आले.
लगेच तिचा फोन,
"असा काय बोलतंस गो, तिनसांजेच्या वेळार!"

माझ्याकडे सव्वादोन वाजले होते.
बुटांवरचा चिखल अजून ओला होता.