सहामाही अहवाल

नियमावलीत लिहिलंय: साठ टक्के कलाकृती,
चाळीस टक्के लेखन.
केळीचा चीक कोणत्या टक्क्यांत धरायचा
हे कुठेच नाही.

चोपड्याच्या पुढे, तापीच्या अंगाला
सुभान तडवी पहाटे घड कापतो.
त्याच्या कामाच्या सदऱ्यावर
अकरा हंगाम आहेत, एकावर एक.
मी म्हटलं, हा सदरा मला संदर्भ म्हणून हवाय.
तो म्हणाला, मग उद्या मी काय घालू?
नवा घेऊन दिला.
आठ दिवसांत त्याने त्यावरही लिहायला घेतलं.

माय विचारते, "तू कसाना डॉक्टर व्हशी?"
डागांची, मी म्हणते.
"मंग हाऊ कसा निंघी, ते सांग."
आणि पदर पुढे करते.
निघत नाही, माय.
तेच तर दुसरं प्रकरण.

चीक गळतो तेव्हा पाण्यासारखा असतो.
ब्रश टेकवते, रेघ ओढते,
रेघ नसते.
हाताला ठाऊक, डोळ्याला नाही.
वहीतही तसंच. रात्रभर लिहिलेलं पान
सकाळी कोरं वाटतं,
आणि बाविस्कर मॅडम समासात विचारतात:
यात तुम्ही कुठे आहात?
आहे, मॅडम. वाळतेय.

सादरीकरणाला नऊ हात मांजरपाट नेलं,
आदल्या रात्रीच संपवलेलं, ओलसर,
एसटीत मांडीवर, बाळासारखं नाही,
भिजल्या टॉवेलासारखं.
जळगावला भिंतीवर ताणलं.
समितीत तिघं.
एकांनी चष्मा पुसला.
एकांनी कापड उलटून मागची बाजू पाहिली.
तिसऱ्यांनी विचारलं, गृहीतक काय?
वेळ, मी म्हटलं.
त्यांनी टिपून घेतलं: वेळेचं नियोजन नाही.
खाली शेरा: काम दिसत नाही.
चहा मात्र चांगला होता.

साहित्यचोरीच्या तपासणीत माझं लेखन
सात टक्के जुळलं इतरांशी.
उघडून पाहिलं, तर सगळं जुळणं
प्रतिज्ञापत्रातलं:
"हे काम माझे स्वतःचे आहे."
एवढंच वाक्य माझं नव्हतं.

गुरुवारी दुपारी फोन आला.
धुडकूभाऊ, विभागाचे शिपाई.
कपाटात जागा नव्हती म्हणून त्यांनी कापड
गच्चीवर दोरीला टाकलेलं, चार दिवस, उन्हात.
"ताई, तुमना कपडावर मानसं निंघनात."
किती?
ते मोजू लागले, मोठ्याने,
बोट ठेवत असावेत एकेकावर,
कारण मध्येच कापड फडफडलं की
पुन्हा पहिल्यापासून.

मी वही ओढली.
चाळीस टक्के तिथून सुरू केले,
त्यांच्या आकड्यांच्या मागे मागे.
बावीसवर ते थांबले.
म्हणाले, राहू द्या, लिहू नका अजून,
दोरीजवळ आखो एक ई राह्यना.