हललेली

सीबीएसच्या मागे, जुन्या दप्तरखान्यात
मी काचा पुसते. कंत्राटी काम, काचेमागे नऊ रुपये.
काचेवर सगळं उलटं असतं :
काळी माणसं गोरी, साहेबाचा सदरा कोळसा.

एकेचाळीस नंबरची काच खराब आहे.
पाय ठळक. कथलाचे वाळे मोजता येतात.
शेजारी उभी केलेली पट्टी, फुटाफुटाने रंगवलेली,
तीही ठळक. हातात कुणीतरी दिलेलं सूप,
तिचं नसावं, उलटं धरलंय.
मानेमागचा लोखंडी चिमटा शाबूत.
फक्त चेहरा नाही. तिथे धूर.

पाकिटावर मोडी. टाकसाळे काका भिंग लावून वाचतात :
'डोंगरी बाई. पेठ. हिच्या सांगण्यावरून
तेरा गावांनी वेठ बंद केली.
नाव विचारले. सांगितले नाही.
काच फुकट गेली.'

काका भिंग पुसतात, चहा मागवतात.
मी पेठकडचीच. हे त्यांना सांगत नाही.

राबासाठी फांद्या तोडायला गेली तेव्हा म्हणाले असतील, हल इथून,
रान आता सरकारचं.
नागलीच्या उतारावरून, हल.
नदीकाठी साहेबाचा तंबू पडायचाय, तिथूनही हल.
आणि त्या दिवशी कचेरीच्या मागच्या अंगणात
डोक्यावर काळं फडकं घेतलेला माणूस म्हणाला,
हलू नकोस.
बारा आकडे होईस्तोवर.

मला वाटतं, सातपर्यंत ती थांबली.
आठव्याला मान वळवली, चिमट्यातून, थोडीशी,
जशी आपण वळवतो
मागून कुणी हाक मारली की.
कुणी मारली असेल बरं.
काचेत तेरा गावं मावत नाहीत,
उजव्या कडेला शिपायाचा एक जोडा तेवढा आलाय.

फॉर्ममध्ये रकाना असतो : दोष.
तडा, बुरशी, ओरखडा, यातलं एक निवडायचं.
मी बराच वेळ नुसती बसते.
मग 'इतर'वर टिचकी मारून लिहिते : हलली.
नावाच्या रकान्यात काही लिहीत नाही.
तो तिनंच रिकामा ठेवलाय.

संध्याकाळी शालिमारला, ओळखपत्रासाठी फोटो.
निळा पडदा, डगमगतं स्टूल.
पोरगा म्हणतो, ताई, हलू नका हं.
मी हलत नाही.
मान अवघडते, दिवा लागतो, विझतो.

एकदम क्लिअर आलाय, तो म्हणतो.