शून्याच्या आसपास

माझा भाऊ आधार फौजेतून घरी आला तेव्हा
ट्रंकेसोबत दोन लांब फळ्या होत्या, पोत्यात शिवलेल्या.
चोपड्याच्या गाडीत कंडक्टरनं त्यांचं अर्धं तिकीट फाडलं.
आईनं विचारलं, "हाई काय शे?"
"बर्फावरच्या चपला."
मे महिना. पत्र्याला हात लागत नव्हता.

मी जळगावला, चटईच्या कारखान्यात, एक्स्ट्रुडरवर.
फळी उलटी करून नखानं तळ खरवडला
आणि ओळखला. आपलाच माल.
फक्त मधोमध, पावलाखाली, दोन-अडीच वीत खवले,
तापीतल्या रोहूला असतात तसे.
डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर सरळ जातो,
उलटा फिरवला की बोट अडतं.

एरवी आधार बोलायचा नाही.
पण मेणाचा विषय निघाला की लाइट येईपर्यंत बोलायचा.
कडक थंडीला हिरवं मेण, जरा ढिलीला निळं,
मग जांभळं, मग लाल.
सकाळी निळं फासून निघावं,
दहाला ऊन लागलं की फळीखाली बर्फाचे गोळे,
पावसाळ्यात काळ्या रानात चप्पल होते तसे, दोन-दोन किलोचे.
खरवडा, पुसा, दुसरं लावा,
तोवर ढग आलेला.
"उणे दहा असू दे, उणे वीस असू दे, त्याला मेण आहे.
गोची शून्याच्या आसपास.
खाली जुनं ओलं, वर नवं भुरभुरतं, सावलीत काच.
तिथं ह्या. मेण नको, काही नको.
वजन टाकलं की धरतात, उचललं की सोडतात.
उतारावर जरा मंद,
आणि गुणगुणतात."

त्याला स्वतःला मात्र इथं ते जमेना.
बँकेच्या दारावर बंदूक घेऊन सात महिने,
मग सूतगिरणीचं गेट,
मग नुसता ओट्यावर.
फळ्या गोठ्याच्या आढ्याला. त्यांवर चिमण्या.

मार्चमध्ये गारा पडल्या. पाऊण तास.
थांबल्या तेव्हा केळीची पानं चिंध्या होऊन लोंबत होती,
आणि पाटाचा बांध पांढरा, घोट्याएवढा,
निमगव्हाणच्या रस्त्यापर्यंत.
सगळे बांधावर उभे, कुणी कुणाशी बोलेना.
पंपावर म्हातारा सुपडू एकटा होता, फोन लागत नव्हता.

आधारनं फळ्या उतरवल्या.
बुटांचे तळ उकललेले, ट्यूबच्या पट्टीनं आवळले.
टाच मोकळीच ठेवली. ती मोकळीच लागते म्हणाला.
काठ्या म्हणून तुरीचे दोन सोट.
"आते कथा चालना रे, आधार?"
"पंपलगून जाई येस."

मला लाज वाटली, हे लिहून ठेवतो.
लोकांचे बाग फाटलेत आणि माझा भाऊ खेळतोय,
असं पहिली दहा पावलं वाटलं.
मग तो एका पायावर वाकला, दुसरा पुढे गेला,
गारा कुरकुरल्या, धरलं,
सुटला.
कुणी हसलं नाही.
उतारावर खरंच आवाज आला,
सुताच्या चात्यासारखा, बारीक.

वीस मिनिटांनी परतला तेव्हा बांध अर्धा काळा झाला होता,
शेवटचं शेत तो फळ्या खांद्यावर घेऊन चिखलातून आला.
सुपडू बरा होता. मोटारीच्या खोक्यात बसून बिडी ओढत होता.

"कसं होतं?" मी विचारलं.
"शून्याच्या आसपासचं," म्हणाला
आणि हात धुवायला गेला.

रात्री मी फळ्या पुसल्या.
एका खवल्यात केळीच्या पानाचा दोरा अडकला होता.
ओढला तर येईना.
शेपटीकडे ओढला, आला.