सातवा रकाना

फेरीबोटीतून चिलोए बेटावर उतरलो, तेव्हा बूट ओले, फॉर्म कोरडा.
सातवा रकाना : मुलं किती मिनिटं इंग्रजी बोलली?

शाळा म्हणजे लाकडी फळ्यांची एकच खोली,
मध्ये चूल, चुलीभोवती अकरा मुलं
आणि एडेल्मिरा ग्वेन्तेओ.
हातात पुस्तक नाही, बटाट्यांची पाटी.

जांभळे, काळे, बोटासारखे वाकडे,
एक तर गाठीगाठींचा, आल्याच्या गड्ड्यासारखा.
"धिस इज माय अंकल," ती म्हणाली,
आणि त्याचं नाक दाखवलं.
हसायला कुणाला भाषांतर लागलं नाही.

मग ती बोलतच राहिली.
सावकाश, पण बोबडं नाही.
"स्मॉल." दुसरा उचलला. "स्मॉलर."
मग खिशातून काढला वाटाण्याएवढा
आणि थांबली.
मी घड्याळात मोजलं : नऊ सेकंद.
अकरा माना पुढे झाल्या होत्या,
शब्द यायचा होता अजून,
त्याला बसायला जागा मात्र झाली होती.

भांड्यात पाणी उकळू लागलं.
"हार्ड? सॉफ्ट?" काटा टोचून बघायचा.
कुणीतरी स्पॅनिशमध्ये ओरडलं, कच्चाय अजून!
तिने ते ओरडणं उचललं, पुसलं,
इंग्रजीत त्याच्याच हातात परत ठेवलं.

खिडकीपाशी एलिसेओ.
मार्चपासून एक अक्षर नाही, आता ऑगस्ट.
मी पेन्सिलीने त्याच्याकडे बोट केलं.
"बटाटा लावल्यावर
रोज उकरून बघतात का, साहेब?"
एवढंच स्पॅनिशमध्ये बोलली ती, तेही हळू आवाजात.

मग मोठ्याने :
"एलिसेओ, गिव्ह वन टू द व्हिजिटर. केअरफुल. व्हेरी हॉट."
तो उठला.
सगळ्यात मोठा निवडला,
बाहीत धरला,
तीनदा फुंकर मारली
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
तोंडातून शब्द नाही.

सातव्या रकान्यात मी त्याच्यापुढे शून्य लिहिलं.
नियमाने तेच बरोबर होतं.

परतीच्या बोटीवर वारा.
कोटाच्या खिशात दुसरा बटाटा, अजून कोमट.
पाण्यातून समुद्रसिंहाचं डोकं वर आलं.
बिग, मी म्हणालो.
मागून आणखी एक आलं.
शाळा सुटून चाळीस वर्षं झालेला माणूस मी,
कठड्याला धरून उभा,
पुढचा शब्द ओठांवर,
आणि बगलेत फॉर्म,
शून्यावर लोण्याचा डाग.