कळलं की सांगा

महाप्यातल्या शेडमध्ये, तापल्या पत्र्याखाली,
सात नंबरची मादी
पेरूच्या फांदीच्या टोकाशी येऊन थांबलीय.
काडीकिडा म्हणतात हिला; हलली नाही तर काडीच.
पुढे फांदी नाही. हे तिला अजून माहीत नाही.
पुढचा उजवा पाय हवेत जातो,
खाली, थोडा बाहेर, पुन्हा गोल,
अंधारात भिंतीवर बटण चाचपावं तसा.
मी फेऱ्या मोजते. मग समोर दुसरी फांदी धरते.
नखी टेकते.
मधला पाय नेमका पुढच्याच्या मागोमाग येतो,
त्याच्या मागे तिसरा.

टेबलावरचं यंत्र मात्र गर्विष्ठ.
सहा पाय, अठरा मोटारी,
तळव्यांना ओजसच्या जुन्या निळ्या स्लिपरचं रबर.
जमीन हिशेबाप्रमाणे नसली की तोंडावर आपटतं
आणि आपटूनही चालत राहतं, हवेत,
कारण पडलो, हे त्याला कळायची सोय नाही.
निधी देणारे म्हणाले, मग कॅमेरा लावा ना.

त्यांना सांगितलं:
किड्याच्या पायात, कवचात,
टाचणीच्या टोकाहून बारीक घुमट असतात.
भार आला की कवच इवलंसं वाकतं,
घुमट दबतो,
पायाला समजतं: आता उचलू नकोस.
डोळ्यांचं यात काही काम नाही.

बाबांना सांगितलं तर हसले.
दिवाळ्याच्या खाडीत चाळीस वर्षं
ओहोटीला मांडीभर गाळात उतरून
अंगठ्याने कालवं हुडकलेला माणूस.
"चिखलान पाय टाकाचा नाय गो. पयला इचाराचा."
मी ते वाक्य आकड्यांत बसवलं:
टेकव. दहा टक्के भार दे. थांब.
रुतलं तर मागे घे.
त्या दिवशी यंत्र ओल्या गाळाचा ट्रे पार करून गेलं.
ओजसने ट्रेला उदबत्ती ओवाळली.

मग एका रात्री फरशीवर डाग दिसले,
ओटीपासून मोरीपर्यंत,
एकाच पायाचे, सारख्या अंतरावर.
सांगायला लाज वाटते,
पण मी आधी अंतर मोजलं.
नंतर टाच पाहिली.
कालवाची शिंप, बोटाच्या पेराएवढी, आत.
तीन दिवस तिच्यावर चालत होते.

नेरुळचा दवाखाना. कागदावर:
जोमा कोळी, वय एकाहत्तर, साखर तीनशे बारा.
डॉक्टरीणबाईंनी खणातून नायलॉनचा धागा काढला,
दहा ग्रॅमला वाकणारा.
त्याची हलकी भावंडं माझ्या टेबलावर आहेत,
मी त्यांनी झुरळांच्या मिशा तपासते.
"डोळे मिटा, आजोबा. कळलं की सांगा."
अंगठा. धागा वाकला.
करंगळी. वाकला.
टाचेची कड. वाकला.
बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.
बाबांनी डोळे न उघडता विचारलं,
"चालू केलास का बाय?"

आता ते पाय टाकताना पायाकडे बघतात.
जिना उतरताना ओठ हलतात, पायऱ्या मोजतात बहुतेक.
खाडीवर जात नाहीत;
गेले तर धक्क्यावर बसून
दुसऱ्यांच्या पायांना शिव्या घालतात.

रविवारी शेडवर आणलं त्यांना.
सात नंबर तळहातावर दिली.
"गुदगुल्या करतंय," म्हणाले, पोरासारखे.
बोटाच्या टोकाशी पोचून तिने हवेत पाय फिरवला
तर न सांगता दुसरा हात पुढे केला.
मग वाकून, हळूच,
तिला आपल्या पावलावर सोडलं.

ती बँडेजच्या कडेने चढली,
घोट्याच्या हाडावरून वळली.
बाबा बघत होते.
मी काही विचारलं नाही.
ती दर पाऊल विचारून टाकत होती,
आणि तिला उत्तर मिळत होतं.