कुंपणालगतची पट्टी

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो.
बेअरिंग धुऊन काळं झालेलं डिझेल
आम्ही फेकत नव्हतो कधी.
कॅनमध्ये भरून खिडकीखाली ठेवायचो,
कशालातरी लागतंय म्हणून.
निवृत्त झालो त्या दिवशी एका हातात शाल, नारळ,
दुसऱ्या हातात तो कॅन,
असा अनगोळला घरी आलो.

लव्हाळा उपटून उपटून नखं गेली होती.
भरमा म्हणाला, "खुरपत काय बसूलास रे?
वाटीभर ओत की. मुळापासून करपतंय बघ."

करपलं.
तिसऱ्या दिवशी पातं पिवळं, आठव्या दिवशी
कुंपणालगतची पट्टी अशी साफ
की मायक्रोमीटर लावून कापलेली वाटावी.
खुर्ची टाकून बघत बसलो मी,
पहिला जॉब पास झालेल्या पोरासारखा.

मग पाणी घातलं तिथं, शेवंती लावावी म्हणून.
पाणी मुरेना.
मेणकापडावर सांडल्यासारखं गोळे होऊन
घरंगळत बाजूला गेलं.
गांडुळं वर आली, चार-पाच,
वडगावच्या मागावरून तुटून पडलेल्या दोऱ्यांसारखी,
आणि तशीच पडून राहिली.
सातभाईंचा कलकलाट रोज तिथं असायचा.
ते एकदा उतरले, माती उचकटली,
आणि शेजारच्या पेरूवर निघून गेले.
पेरूवरच राहिले.

कुंपणापलीकडे इरव्वाची विहीर. चार पुरुष खोल.
पावसाळा सरता सरता ती तांब्या घेऊन आली.
"नीर वासनी होडीतैति," म्हणाली,
मग माझ्यासाठी मराठीत, "मोटरचं आईल गळतंय काय की."
तांब्या नाकाजवळ न्यायची गरजच नव्हती.
साबणानं, शिकेकाईनं, राखेनं
एकतीस वर्षं माझ्या हातावरून जो गेला नाही
तो वास तिच्या पाण्यात होता.
पोरांच्या फिया भरल्या होत्या मी त्या वासावर.

मी म्हणालो, "असेल."

तिच्या मल्लेशनं पंप दोनदा खोलला.
पाना माझाच मागून नेला.
वायसर बदलला, मेकॅनिकला साडेसातशे दिले,
आणि विहिरीच्या कडेला उकिडवा बसून
पाण्यावरचा तो रंगीत पापुद्रा बघत राहिला,
मोरपिसासारखा, हलणारा, कुणाचाच नसलेला.
मी गॅलरीतून बघत होतो.
पाना परत द्यायला आला तेव्हा
त्याच्या हातालाही तोच वास होता.
तेव्हा सांगितलं.

तो काही बोलला नाही. पाना पुसून कट्ट्यावर ठेवला.

माती काढली मग. हात-दोन हात खोल,
खताच्या अकरा पोत्यांत भरली.
टाकायची कुठं?
नाल्यात टाकली तर बळ्ळारी नाला
ती कुणाच्यातरी भातात नेऊन पसरणार.
कचऱ्याच्या गाडीवाला म्हणाला, माती घेत नाही.
पोती जिन्याखाली आहेत अजून.
पाहुणे विचारतात, सिमेंट काय?

सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी आलं की
दोन कळशा इरव्वाच्या दारात ठेवतो.
ती घेते. चहा देते कधी, कधी देत नाही.
विहिरीवर तिनं पत्रा टाकलाय, पत्र्यावर दगड.

दसऱ्यानंतर त्या खड्ड्यात पहिलं हिरवं दिसलं.
शेवंती नाही, आघाडाही नाही, दुर्वासुद्धा नाही.
लव्हाळा.
इरव्वा कुंपणावरून वाकून म्हणाली, "जेकू."
हसली की काय, नीट दिसलं नाही.

गुडघे टेकून उपटला.
टोकाला मण्याएवढी काळी गाठ. नखानं फोडली.
सालीला डिझेल.
आत मोथ्याचा वास, दिवाळीच्या उटण्यातला,
जसाच्या तसा.

ती गाठ फेकवेना.
खिशात घालून किती वेळ तसाच
खड्ड्यात बसून राहिलो.