राज्य कोणावर?

कीथलीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
गुरुवारी साडेसहाला
ग्लेनिसबाई फळ्यावर एकच शब्द लिहितात: रूल.
म्हणतात, सोपं क्रियापद आहे.
कोणीतरी करतं, कोणावर तरी होतं.

दानुता मान हलवते.
तिच्या गावात ह्याचे कर्ते इतक्यांदा बदलले
की आजी घड्याळामागे तीन फोटो ठेवायची,
दारावर थाप पडली की त्या दिवशीचा पुढे.

बाई पुढे सरकतात. रूल म्हणजे रेघ आखणं.
रूलर म्हणजे राजा.
रूलर म्हणजे पट्टीसुद्धा.
मला हसू फुटलं.
एवढं मोठं साम्राज्य, आणि राजा ठेवला कुठे,
तर कंपासपेटीत, खोडरबराच्या शेजारी!
ताजुद्दीन हसला नाही.
म्हणाला, आमची उत्तरेची सीमा पाहा नकाशात,
पट्टी ठेवूनच ओढली आहे.
मामाचे उंट रोज ओलांडायचे,
त्यांना कधी दिसली नाही.

मग आलं रूल आउट.
हे मला येत होतं.
गेल्या मार्चात इस्पितळात डॉक्टर हेच म्हणाले,
आणि मला वाटलं, राज्याबाहेर काढलं.
कोणाला? आम्हाला?
नवऱ्याचे डोळे भरलेले,
आणि मला कळेना, रडायचं कशासाठी.
बस वळणावर आली तेव्हा तो बोलला,
अगं, ती गाठ साधीच आहे.

सुलॅक्षाना, तुमच्या भाषेत काय म्हणतात?

राज्य करणे, मी म्हटलं. आणि थांबले.
कारण इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटामागच्या बोळात,
राज्य कोणी करत नसे. राज्य यायचं.
चकताना शेवटी जो उरला, त्याच्यावर.
बाकीचे ओरडायचे, सुटलो!
आणि तो भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून
शंभरपर्यंत मोजायचा.
मोडक्या इंग्रजीत सांगितलं सगळं.
बाईंनी खडू खाली ठेवला.
म्हणजे ज्याच्याकडे सत्ता, त्याला काहीच दिसत नाही?
मोजून होईपर्यंत नाही, मी म्हटलं.
आणि ती नकोच असते कोणाला.

मग सुटका कशी होते?

शोधायचं, बाई. एकेकाला, अडगळीतून, जिन्याखालून,
आणि नाव घ्यायचं, बरोबर.
नाव चुकलं तर पुन्हा राज्य.
मागून कोणी येऊन धप्पा दिला, तरी पुन्हा.

आठ वाजले. खाली रखवालदार किल्ल्या वाजवू लागला.
थँक यू, सुलॅक्षाना.
सुलक्षणा, मी म्हटलं. तिसरा आठवडा, बाई.
राज्य तुमच्यावर.

त्या खळखळून हसल्या, डस्टर उचललं,
आणि आमच्याकडे पाठ करून
फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.
मागे आम्ही सगळे
कोट चढवत होतो,
जरासुद्धा आवाज न करता.